कबुलीतला देव्हारा

होसपेट,
१४ मार्च १९९३

अनुअक्का, जयभीम.

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. पहिलं मिळालं तेव्हा लगेच लिहायला बसलो होतो, पण त्याच दिवशी नाटक कंपनीचा तंबू गंगावतीहून हलला आणि इनलँड कुठल्या तरी पेटीत राजाच्या मुकुटाखाली गेलं. दुसऱ्याला उत्तर लिहिलं, पण टाकलं नाही. तिसरं आठवडाभर खिशात घेऊन हिंडलो. चांगलं कारण एकही नाही. टाळत होतो, एवढं खरं.

कंपनीत मी पडदे ओढतो. राजवाड्याचा पडदा मधोमध फाटलाय, म्हणून सध्या दुर्योधनाचा दरबार जंगलातच भरतो. लोकांना काही वाटत नाही. भीमाचं काम करणारे तुकाराममामा गदा उचलण्याआधी मऊ भात खातात, नाहीतर त्यांचं पोट दुखतं. परवा भात उशिरा शिजला, तर मी पडद्यामागून खूण करेपर्यंत दुर्योधन मरायला तयार होऊन तसाच ताटकळत उभा. त्यानं शेवटी दोन पदं जास्तीची म्हटली. बरं म्हणतो तो. धारवाडला आलो तर तुला ऐकवीन.

असो. तू लिहितेस, सरकारवर दावा घालू या. अक्का, पुन्हा कशाला? हुबळीच्या दाजीबानपेठेतल्या दुकानातून अकरा इरकली लुगडी गेली. मी शाळा सुटल्यावर तिथं गठ्ठे उचलायचो, म्हणून मला धरलं. चौदा वर्षांचा होतो. तीन दिवस ठाण्यात ठेवलं, कबुलीवर माझी सही घेतली, अकरा महिने रिमांड होममध्ये काढले, मग कोर्टानं सोडलं. सोडलं म्हणजे झालं की. गल्लीत बोअरिंगवर पाण्याला उभा राहिलो की बायका आपापल्या कळशा जवळ ओढायच्या, म्हणून मी तिथून निघालो. इथं मला कुणी चोर म्हणत नाही. परदेवाला म्हणतात. हे नाव बरं आहे.

आत्याला सांग, जेवतो वेळेवर. खोटं आहे, पण सांग.

तुझा,
सिद्राम

~

धारवाड,
२९ मार्च १९९३

प्रिय सिदू, जयभीम.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग राग आला, मग ताटकळणारा दुर्योधन आठवून परत हसले. त्यामुळं उत्तराला उशीर.

आता नीट वाच, मध्येच पडदे ओढायला उठू नकोस. कोर्टानं तुला सोडलं ते पोलिसांपुढची कबुली पुरावा होत नाही म्हणून. "ह्या पोरानं हे केलंच नाही" असं एकाही कागदावर लिहिलेलं नाही. तेच आपल्याला लिहून घ्यायचंय. नाहीतर तू होसपेटला परदेवाला आणि हुबळीत चोर, असाच राहशील. पाच ऑगस्टला तुला एकोणीस पुरी होतात. अठरा पुरी झाल्यावर अशा दाव्याला एकच वर्ष मिळतं, त्यानंतर कोर्ट आपलं ऐकूनच घेणार नाही. शिवाय सरकारवर दावा घालण्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. म्हणजे मे संपायच्या आत वकीलपत्रावर तुझी सही पाहिजे.

मी जयतीर्थ वकिलांच्या हाताखाली काम करते हे आईनं कुणाकडून तरी तुला कळवलंच असेल. माणूस कर्मठ, दोन तास पूजा झाल्याशिवाय कोट अंगावर चढवत नाहीत. पहिल्या दिवशी मी चहा घेते का हे विचारायला त्यांना अर्धा तास लागला. आता माझ्याशिवाय चहा मागवत नाहीत.

मी तुझ्या खटल्याच्या नकला काढून त्यांच्यापुढं ठेवल्या. ते म्हणाले, कबुली मोठ्यानं वाच. मी वाचायला लागले. कानडीत आहे, मोत्यासारखं अक्षर. "सदर लुगड्यांचा गठ्ठा मी माझी आत्या नागुबाई हिच्या घरातील देव्हाऱ्यामागे लपवून ठेवला होता व तो पंचांसमक्ष काढून देत आहे." इथं मी थांबले.

वकील म्हणाले, "का थांबलीस?"

मी म्हटलं, "सर, नागुबाई माझी आई. आमच्या घरात देव्हारा नाही."

ते म्हणाले, घर तिथं देव्हारा असायचाच. मग मी त्यांना सांगितलं. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा आमच्या आजोबांनी घरातले सगळे देव दोन बुट्ट्यांत भरून उणकलच्या तळ्यात सोडले. मी त्या घरात जन्मले, वाढले, मला देव्हारा कसा दिसतो ते दुसऱ्यांच्या घरी बघून माहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "म्हणजे पोलीस तुमच्या घरी गेलेच नव्हते."

सिदू, पाच वर्षांत आपल्यापैकी कुणीच तो कागद वाचला नव्हता. आईला वाचता येत नाही, अप्पा तेव्हा दवाखान्यात पडलेले, मी बेळगावला कॉलेजात. आणि तू मराठी शाळेतला, कानडी बोलायला तरबेज, वाचायला अक्षर अक्षर. पंचनामे लिहिणाऱ्या रायटरनं ठाण्यात बसून देव्हारा बांधला आणि आपण तो तसाच राहू दिला.

ये.

तुझी,
अनुसया

~

गदग,
२२ एप्रिल १९९३

अनुअक्का, जयभीम.

देव्हाऱ्याचं वाचून मी एवढा हसलो की ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. त्याला वाटलं, मिरची चढली. कंपनी सोडली मी, सध्या ब्याडगीच्या मिरचीच्या लॉरीवर आहे. पोत्यांवर झोपायचं. दोन दिवस शिंका, तिसऱ्या दिवसापासून काही नाही, फक्त डोळे कायम रडल्यासारखे दिसतात. त्यामुळं ढाब्यावरचे लोक फार प्रेमानं वागतात, एका म्हातारीनं परवा मला जास्तीची भाकरी वाढून घरी कोण गेलं म्हणून विचारलं. मी म्हटलं मिरची. तिनं भाकरी परत नाही घेतली.

आता विषयावर येतो. वकिलीणबाई, माझी एक खरी कबुली ऐका.

सगळ्यांना वाटतं, मारलं म्हणून मी सही केली. मारलं. तळपायावर, पट्ट्यानं. दोन दिवस मी नाहीच म्हणत होतो, तुला अभिमान वाटेल असा. तिसऱ्या दिवशी फौजदार कुठं तरी गेला आणि भरमप्पा रायटर एकटा होता. त्यानं मला हात लावला नाही. समोरच्या गाड्यावरून मुरमुऱ्यांचं गिरमिट मागवलं, त्यावर दोन मिरचीभजी. मी तीन दिवसांत पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. कागद पुढं ठेवून म्हणाला, "सही कर, खा, घरी जा. आत्या बाहेर बसली आहे." मी सही केली आणि खाल्लं. आत्या खरंच बाहेर बसलेली होती. मला मात्र मागच्या दारानं नेलं.

तुम्ही सगळे मला मार खाल्लेला पोरगा समजता. मी मुरमुऱ्यांसाठी चोर झालो. हे कोर्टात, लोकांपुढं उभं राहून कसं सांगायचं? म्हणून पत्रांना उत्तर देत नव्हतो. आता कळलं ना.

आणखी एक. आत्याला साक्षीला बोलवू नका. का ते विचारू नकोस.

सिद्राम

~

धारवाड,
१ मे १९९३

प्रिय सिदू, जयभीम.

तुझं पत्र मी जयतीर्थ वकिलांना वाचून दाखवलं. रागावू नकोस, वकिलापासून लपवायचं नसतं. त्यांनी कारकुनाला पाठवून गिरमिट आणवलं. स्वतः बाहेरचं खात नाहीत, आम्हाला खायला लावलं आणि समोर बसून बघत राहिले. शेवटी म्हणाले, "चौदा वर्षांचं पोर. तीन दिवस."

मग त्यांनी पुस्तक उघडून माझ्यापुढं सरकवलं. सिदू, कायद्यात धाक आणि आमिष एकाच ओळीत आहेत, शेजारी शेजारी. इंग्रजांनी लिहिलेला कायदा. त्यांना गिरमिट माहीत नव्हतं, पण उपाशी माणूस माहीत होता. खायला देऊन घेतलेली सही आणि मारून घेतलेली सही, कायदा दोन्ही सारख्याच फेकून देतो. तू एवढी वर्षं ज्याची लाज धरून गावं पालथी घातलीस, ते दीडशे पानांच्या पुस्तकात चोविसाव्या कलमात आहे.

दाव्यात आम्ही मारही लिहू आणि गिरमिटही. मिरच्यांसकट.

आईच्या साक्षीचं नंतर बघू. पण कारण न सांगता नको म्हणायची तुझी सवय लहानपणापासूनची आहे, आणि दरवेळी त्यामागं काहीतरी फुटलेलं निघतं.

अनुसया

~

पोस्टकार्ड
वास्को, १९ मे १९९३

अक्का, रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. सही करून सोमवारी परत. मासळी आणू का? वकिलांना नको म्हणतील. तुला आणतो.

सि.

~

धारवाड,
१० ऑगस्ट १९९३

प्रिय सिदू, जयभीम.

नोटीस मेमध्ये गेली, तिचे दोन महिने भरले, आणि दावा आम्ही दोन ऑगस्टला हुबळीच्या कोर्टात दाखल केला. तीन दिवस हातात ठेवून. प्रतिवादी सरकार, फौजदार आणि भरमप्पा रायटर. तुझं नाव सगळ्यांत वर टाइप केलंय. बघून छान वाटलं.

तू आलास, सही केलीस, आईच्या हातचं जेवलास आणि उंबऱ्यात एक चप्पल टाकून पळालास. एका चपलेनं वास्कोपर्यंत कसा गेलास, आई दर खेपेला विचारते. मासळी वकिलांच्या ऑफिसात चार तास माझ्या पिशवीत होती. त्यांनी उदबत्ती दोनदा लावली.

आता वेळ लागेल. कुठंही जा, पण पत्ता कळवत जा.

अनुसया

~

धारवाड,
१८ डिसेंबर १९९५

प्रिय सिदू, जयभीम.

अडीच वर्षांत तुझे अकरा पत्ते आले आणि चार पत्रं. शेवटचा पत्ता मिरजेच्या बँडवाल्याचा आहे, तिथं आहेस असं धरून लिहिते.

तारीख लागली. बारा फेब्रुवारीला तुझी साक्ष. ह्यावेळी पळायचं नाही.

सरकारचं म्हणणं आलंय, ते वाचण्यासारखं आहे. त्यांना देव्हारा सापडला. म्हणे वादीच्या घरात भिंतीला कोनाडा असून त्यात बुद्धाची तसबीर आहे व तिला हार घातलेला असतो, पंचनाम्यात देव्हारा म्हटलं आहे ते त्यालाच. जयतीर्थ वकील हे वाचून दुसऱ्याच दिवशी टेप घेऊन हुबळीला घरी आले. आईनं चहा केला, त्यांनी घेतला, आणि मग स्वतः स्टुलावर चढून कोनाडा मोजला. एक वीत रुंद, चार बोटं खोल. मागं सरळ भिंत. खाली उतरून म्हणाले, "ह्याच्यामागं अकरा लुगडी ठेवायची तर शेजारच्या घरात ठेवावी लागतील."

पण सिदू, घरात दुसरा कुठलाच देव्हारा नव्हता हे कुणीतरी शपथेवर सांगायला हवं. तू त्या दिवशी ठाण्यात होतास. अप्पा गेले. मी बेळगावला होते. उरली आई. तिलाच उभं करावं लागणार. तू तेव्हा नको म्हणाला होतास. आता कारण सांग.

अनुसया

~

मिरज,
२ जानेवारी १९९६

अनुअक्का, जयभीम.

बँडवाल्याकडेच आहे. झांजा वाजवतो. क्लॅरिनेटवाला आजारी पडला की क्लॅरिनेट हातात धरून उभाही राहतो, फुंकत नाही. लग्नात कुणाला कळत नाही. एका नवरदेवानं मलाच बक्षीस दिलं, मग खरा क्लॅरिनेटवाला दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

कारण सांगतो. हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल.

मी नऊ वर्षांचा असताना गूळ शोधत होतो. जोंधळ्याच्या मोठ्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला तर तळाशी फडक्यात बांधलेलं काहीतरी लागलं. सोडून बघितलं. पितळेची यल्लव्वा देवी. अंगठ्याएवढी. आत्या मागंच उभी होती. मला वाटलं आता मार बसणार. ती खालीच बसली. म्हणाली, ही तुझ्या आजीची, माझ्या आईची. सासऱ्यांनी देव बुट्टीत भरले तेव्हा हिला मी केसांत लपवली. पूजा करत नाही, कुंकू लावत नाही, कधीतरी नुसती बघते. आणि मग म्हणाली, "सिद्या, अनूला सांगू नको. ती शिकलेली आहे."

अक्का, तू दर रविवारी विहारात पोरांना शिकवतेस. आत्या तुझ्यासमोर कधी "देवा" असंसुद्धा म्हणत नाही, ठेच लागली तरी. आता तिला कठड्यात उभं करून शपथ घालणार आणि विचारणार, घरात देव आहे की नाही. नाही म्हटली तर खोटी शपथ. आहे म्हटली तर दावा गेला, आणि गल्लीत तिचं तोंड राहणार नाही. मला चोर म्हटलेलं परवडलं. सात वर्षं ह्या नावाची सवय झालीय. तिला राहू दे.

सिद्राम

~

धारवाड,
११ जानेवारी १९९६

प्रिय सिदू, जयभीम.

शनिवारी घरी गेले. आई पाण्याला गेल्यावर डब्यात हात घातला.

नाक झिजलंय तिचं. पाठीवर फडक्याचे धागे अडकलेत. मला राग येईल असं वाटलं होतं, आला. आम्हाला चाळीस वर्षं फसवलं म्हणून. मग आठवलं की आजीचा एक फोटोसुद्धा आमच्याकडं नाही. तिचं लुगडं नाही, भांडं नाही. फडकं होतं तसं बांधून ठेवलं आणि डब्याला हात न लावल्यासारखी पाट घेऊन बसले. जोंधळे कोपराला चिकटलेले होते, ते आईनं बघितले की नाही माहीत नाही.

वकिलांना सांगितलं. म्हणाले, मी तिला त्याबद्दल विचारणार नाही. पण समोरच्यानं विचारलं तर खरं तेच सांगायचं. साक्षीदार एका गोष्टीत खोटा ठरला की उरलेलं सगळं वाहून जातं. मी म्हटलं, मग तिला बोलवायचंच नाही. ते हो म्हणाले. कोनाड्याच्या मापावर लढू.

रविवारी आईला सांगितलं, तुझी साक्ष नको. तर तीच उलटली. म्हणाली, "तीन दिवस मी त्या ठाण्याच्या पायरीवर बसले होते. एक माणूस मला विचारायला बाहेर आला नाही. आता कोर्ट विचारतंय तर तू नको म्हणतेस?" आणि तिची एकच अट. त्या दिवशी अनू कोर्टात नको.

का ते मी विचारलं नाही. बारा फेब्रुवारीला मी बेळगावला, कॉलेजात असताना ज्यांच्याकडं राहायचे त्या अंबूताईंकडं असेन. तू तिच्याबरोबर राहा, आणि मला सगळं लिही. गाळू नकोस काही.

अनुसया

~

हुबळी,
१३ फेब्रुवारी १९९६

अनुअक्का, जयभीम.

काल रात्रीच लिहिणार होतो, पण आत्यानं पुरणपोळ्या केल्या. का केल्या ते वाचशीलच.

आधी माझं. कठडा म्हणजे आमच्या कंपनीच्या सिंहासनासारखाच, एक पाय हलतो. जयतीर्थ वकिलांनी विचारलं, मी सांगितलं. तळपाय, तीन दिवस, सगळं. मग गिरमिट आलं. टाइप करणारा थांबला आणि न्यायाधीशसाहेबांकडं बघायला लागला. साहेब म्हणाले, लिहा, गिरमिट. मग सरकारी वकील उठला. म्हणाला, म्हणजे तुला ठाण्यात चांगलं खायला घातलं, आणि तू आवडीनं खाल्लंस. मी म्हटलं, "हो साहेब. तीन दिवसांनी कुणीही आवडीनंच खातं." तो पुढं त्या वाटेला गेला नाही. एवढंच होतं, अक्का. ह्यासाठी मी इतकी वर्षं लॉऱ्या बदलल्या.

मग आत्या. हिरवं काठाचं लुगडं, डोक्यावर पदर, कमरेला चंची. जयतीर्थ वकिलांनी तिला आमचं घर कसं आहे ते विचारलं. तिनं चूल, फळी, कोनाडा, अप्पांची खाट, सगळं सांगितलं, खाट कोणत्या साली आणली तेसुद्धा. पोलीस घरी आले होते का? नाही. पंच? कुणी नाही, मी ठाण्याच्या पायरीवर होते, घराची किल्ली माझ्या कमरेला होती. साहेबांनी हे स्वतः लिहून घेतलं.

सरकारी वकिलानं आधी कोनाडा धरला. बुद्धाला हार घालता ना? घालते. मग तो देवच झाला की. आत्या म्हणाली, "तुमच्या मागं भिंतीवर गांधींना हार आहे. तो काय देव्हारा आहे?" लोक हसले. साहेबांनी मान वर करून तो हार बघितला.

तिथं तो बसला असता तर बरं होतं. पण चिडला. म्हणाला, ह्या फोटोखेरीज तुमच्या घरात देवाची एकही मूर्ती नाही असं तुम्ही शपथेवर सांगता का?

जयतीर्थ वकील कागदात बघत होते, पण वाचत नव्हते, मला दिसत होतं. आत्यानं मागं वळून सगळीकडं नजर फिरवली. तू नाहीस ना, ते बघत होती.

मग म्हणाली, "आहे. एक आहे."

सरकारी वकिलाचा चेहरा फुलला. कुठं आहे? आत्या म्हणाली, घरी जोंधळ्याच्या डब्यात असते. आज इथं आहे. आणि तिनं चंची सोडली, सुपारी बाजूला केली, फडकं उलगडलं आणि यल्लव्वाला कठड्याच्या लाकडावर उभी केली.

जयतीर्थ वकिलांनी हात जोडले. सवयीनं. मग लक्षात आलं, तेव्हा कोटाची बटणं चाचपायला लागले. साहेब खुर्चीतून पुढं वाकले, तरी दिसेना, म्हणून उठून उभे राहिले. आत्या म्हणाली, "माझ्या आईची आहे. दुसरं काही तिचं नाही माझ्याकडं. आता तुम्हीच बघा साहेब, हिच्यामागं अकरा लुगडी लपतात का. हिच्यामागं माझी सुपारी लपत नाही."

टाइप करणारा हसत होता आणि टाइपही करत होता. साहेबांनी लिहून घेतलं, मूर्ती अंदाजे दीड इंच, आणि म्हणाले, अम्मा, आत ठेवा. तिनं ठेवली. उतरताना सरकारी वकिलालाच म्हणाली, "माझ्या लेकीला मात्र सांगू नका." त्यानं मान हलवली, बिचाऱ्यानं.

बाहेर गल्लीतल्या दोघीतिघी आलेल्या होत्या, लक्कव्वा आणि कोण कोण. मला वाटलं आता सुरू होणार. लक्कव्वा आत्याच्या कानाशी लागून म्हणाली, तिच्याकडं पण एक आहे, हरभऱ्याच्या डाळीत.

म्हणून पुरणपोळ्या.

सिदू

~

बेळगाव,
१७ फेब्रुवारी १९९६

प्रिय सिदू, जयभीम.

तुझं पत्र अंबूताईंना वाचून दाखवलं नाही. एकटीनंच चारदा वाचलं.

उद्या घरी जाते. आई मला काही सांगणार नाही आणि मी काही विचारणार नाही. असंच चालू दे. तिला वाटतं मी फार शिकलेली आहे. ती त्या दिवशी कोर्टात जे बोलली ते आमच्या कॉलेजात कुणी शिकवलं नाही.

तू अजून हुबळीत आहेस, पाच दिवस झाले. प्रकृती बरी आहे ना?

अनुसया

~

हुबळी,
२४ नोव्हेंबर १९९६

अनुअक्का, जयभीम.

तू बंगळूरच्या त्या वकिलांच्या शिबिरात बसलीस आणि इकडं निकाल लागला. जयतीर्थ वकील म्हणाले, तार करू. मी म्हटलं, तारेत मावणार नाही.

आधी भरमप्पा रायटरचं सांगायला हवं, कारण निकाल त्याच्यावरच फिरला, आणि तू त्या दिवशीही धारवाडच्या दुसऱ्या केसमध्ये होतीस. तो आता रिटायर झालाय. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. मला राग येईल असं वाटलं होतं, पण मला त्याचं अक्षरच आठवत राहिलं. जयतीर्थ वकिलांनी आवाजही चढवला नाही. आधी त्याच्या अक्षराची स्तुती केली. म्हणाले, एवढं सुरेख कानडी हल्ली कोर्टात दिसत नाही. तो खुलला. किती पंचनामे लिहिले असतील आयुष्यात? तीनशेच्या वर, आणि एकही परत आला नाही, साहेब. त्यांतल्या किती घरांत तुम्ही स्वतः गेला होता? तो म्हणाला, "गेलो तर लिहायचं कधी?"

साहेबांचं पेन थांबलं. तो सावरायला गेला आणि आणखी खोल गेला. म्हणाला, चोर माल ठेवणार कुठं, देव्हाऱ्यामागंच ठेवतो, कारण तिथं कुणी हात घालत नाही, प्रत्येक घरात असतोच की देव्हारा. आणि कोर्टभर बघितलं, सगळ्यांना पटलंय ना म्हणून. त्याला खरंच तसं वाटत होतं, अक्का.

निकाल काल. साहेबांनी कानडीत वाचला. पोलीस त्या घरी गेले नाहीत, पंच गेले नाहीत, माल तिथून निघाला नाही, कबुली ठाण्यात तयार झाली आणि उपाशी मुलाला खाण्याचं आमिष दाखवून तिच्यावर सही घेतली. नुकसानभरपाईचंही सांगितलं, ते वकील तुला समजावतील. मी एका वाक्याची वाट बघत होतो. ते शेवटून दुसऱ्या पानावर आलं. "वादीने ही चोरी केलेली नाही." मला ऐकू आलं, तरी मी नक्कल मागितली आणि बाहेर बाकावर बसून बोट ठेवून अक्षर अक्षर वाचलं. दहा मिनिटं लागली. तेवढ्यात आत्यानं तीन अनोळखी माणसांना सांगितलं, हा माझा भाचा.

सकाळी बोअरिंगवर मुद्दाम गेलो. कळशा काही जवळ ओढल्या नाहीत, पण त्यांना आठवतही नसेल, आठ वर्षं झाली. लक्कव्वा म्हणाली, रांगेत उभा राहा, मोठा आला केस जिंकलेला. मला फार बरं वाटलं.

लॅमिंग्टन रोडवरच्या सायकल दुकानातलं काम अजून सोडलेलं नाही. नऊ महिने. माझा मलाच विश्वास बसत नाही. मालक म्हणतो, तू इथंच राहणार असशील तर तुला ब्रेक लावायला शिकवतो. गाडीचे म्हणतोय की माझे, कळलं नाही. सरकार अपिलात जाईल असं वकील म्हणतात. जाऊ दे. नक्कल मी आत्याच्या…

जरा थांबलो होतो. दारात कुणीतरी आलं, ते बघायला गेलो होतो.

बापलेक आहेत, कलघटगीचे. बापाचं नाव हुसेनसाब, मुलगा दादापीर, पंधराचा असेल, मिसरूडसुद्धा नाही. काल कोर्टातल्या कुणीतरी त्यांना हा पत्ता दिला. मुलगा दोन महिन्यांपूर्वी जामिनावर सुटलाय. आत यायला तयार नव्हते, आत्यानं हाताला धरून आत घेतलं आणि चहा ठेवलाय. बापाला वाचता येत नाही, म्हणून त्यानं कबुलीची नक्कल माझ्या हातात दिली. मी अक्षर अक्षर लावून वाचली. तेच अक्षर नाही, कुणी नवा रायटर आहे, पण त्यानंही हुसेनसाबच्या घरातल्या देव्हाऱ्यामागूनच माल काढलाय.

दादापीर खाली मान घालून बसला होता. मी त्याला विचारलं, सही करायच्या आधी काय खायला दिलं, तर त्यानं मान वर केली. तू पहिल्या गाडीनं निघ.

सिदू